वाळवंटातले कॅन्यन, तंबूतला मुक्काम आणि सोबत आईबाबा : सल्ला हवा आहे

सुरंगी (२६ जुलै २०२५)

नमस्कार मंडळी. आईबाबा ऑगस्टच्या मध्यावर साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत सॅन होजेला येताहेत. २० ते २८ सप्टेंबर अशी नऊ दिवसांची रजा जमवली आहे. वेगासपर्यंत विमान आणि पुढे भाड्याची गाडी. झायन, ब्राइस, हायवे १२ वरून कॅपिटल रीफ (ही तिन्ही युटातली राष्ट्रीय उद्यानं), तिथून खाली ब्लफ, मॉन्युमेंट व्हॅली, पेज आणि परत वेगास, असा साधारण बेत आहे.

नवऱ्याने ग्लॅम्पिंगचा ध्यास घेतलाय. कॅनव्हासचे मोठे तंबू, आत खरा पलंग, गादी, रजई, लाकडाची शेगडी, काही ठिकाणी तंबूतच न्हाणीघर. त्याला सगळ्याच्या सगळ्या आठ रात्री अशाच हव्यात. मला मात्र वाटेतल्या जुन्या गावांत राहायचंय. कनॅब, पँग्विच, ब्लफ ही नावं नकाशावर कधीपासून बोट ठेवून बघतेय.

बाबा ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, अजून रोज पाच किलोमीटर चालतात. आई ६६ वर्षांची, डावा गुडघा दुखरा, रात्री दोनदा उठावं लागतं. वडीलधाऱ्यांना घेऊन कोणी असे राहिले आहेत का? की हा हट्टच सोडून द्यावा?

डोंगरवेडा

आठ रात्री नको. दोन ठेवा, त्याही एकाच ठिकाणी सलग. रोज तंबू बदलला तर निम्मा दिवस बॅगा भरण्यात जातो. न्हाणीघर तंबूच्या आत आहे का हे फोन करून विचारा, संकेतस्थळावरच्या फोटोंवर जाऊ नका.

फुलपात्र

आम्ही गेल्या वर्षी मेमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन ब्राइसजवळच्या एका तळावर दोन रात्री राहिलो होतो. नाव लिहीत नाही. तंबू देखणा होता, पितळी कंदील, गालिचा, सगळं होतं. रात्री नऊला शेगडी पेटवून दिली आणि शेजारी एक टोपली लाकडं ठेवली. ती टोपली साडेबाराला संपली. ब्राइसचा कडा आठ ते नऊ हजार फुटांवर आहे, मेमध्येसुद्धा पहाटे पारा ३० फॅरनहाइटच्या खाली गेला. कॅनव्हास म्हणजे शेवटी कापडच, शेगडी विझल्यावर वीस मिनिटांत आतबाहेर सारखंच. साबांनी (सासूबाईंनी) माझा दुपट्टा, स्वतःच्या दोन साड्या आणि गाडीतली सूर्यप्रकाश अडवायची चंदेरी पट्टी असं सगळं अंगावर घेतलं. मी टॉर्च घेऊन कार्यालयाच्या तंबूकडे गेले तर तिथे कोणी नाही. सकाळी म्हणाले, जास्तीची लाकडं आधी सांगितली असती तर दिली असती.

तेव्हा संध्याकाळीच तीन टोपल्या मागून घ्या. नवरात्राच्या सुमारास ब्राइसला तंबू घेऊच नका, तिथे गावात राहा. तंबू खालच्या उंचीवर घ्या.

तिरकीट

रात्रीचे साडेतीनशे डॉलर देऊन कापडात झोपायचं आणि लाकडं स्वतः सारायची, हे मला कधीच पटणार नाही. तेवढ्या पैशात गावातल्या चांगल्या खोल्यांच्या तीन रात्री होतात.

नचिकेत_फिरस्ता

@तिरकीट, पैशांचं खरं आहे, पण त्या पैशांत काय मिळतं तेही बघा. दाराची चेन उघडली की समोर लाल कडा, मध्ये भिंत नाही, काच नाही. जुनिपर आणि सेजचा वास येतो, विशेषतः पावसाची सर येऊन गेल्यावर. मोटेलच्या खोलीत वातानुकूलन यंत्राची घरघर असते. आणि ज्यांचे गुडघे जमिनीवरच्या साध्या तंबूत वाकत नाहीत, त्यांना उघड्यावर रात्र काढायचा हाच एक मार्ग. माझे वडील पासष्टीनंतर पहिल्यांदा रानात झोपले ते असल्याच तंबूत.

मंदाकिनी_काकू

सुरंगी, मी तुझ्या आईच्या बाजूने लिहिते. कोल्हापूरहून मुलाकडे गेले की दर वेळी तो कुठेतरी नेतोच. दरी बघून मन भरतं, पण तीन दिवसांनी डोळे दमतात. मग माणसांचं काहीतरी बघावंसं वाटतं.

पँग्विचला आम्ही केवळ रात्र काढायला थांबलो होतो. लाल विटांची घरं, रुंद रस्ते, सगळं गाव तासाभरात पायी होतं. तिथली एक गोष्ट मुलाने वाचून दाखवली. १८६४ साली मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक तिथे वसले, आणि उंचीवरच्या थंडीने पहिलंच पीक गेलं. हिवाळ्यात खायला काही उरेना. सात पुरुष डोंगरापलीकडच्या पॅरोवनहून पीठ आणायला निघाले. बर्फ इतका भुसभुशीत की माणूस कमरेपर्यंत आत जाई. तेव्हा त्यांनी अंगावरच्या गोधड्या बर्फावर अंथरल्या. गोधडीवर पाऊल टेकलं की माणूस बुडत नव्हता. एक अंथरायची, तिच्यावरून जायचं, मागची उचलून पुढे टाकायची. असं करत ते पीठ घेऊन आले.

मी चाळीस वर्षं वाकळा शिवतेय. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर आणि एका बोटाच्या अंतरावर धावदोरा. ते ऐकल्यावर मला दिसतच होतं, कुठला टाका आधी उसवला असेल. त्या गावात आजही दर जूनमध्ये त्या गोधड्यांच्या नावाने उत्सव होतो. तुझ्या आईला पँग्विच दाखव.

सुरंगी

काकू, आई पण वाकळा शिवते! पँग्विच नक्की. @फुलपात्र, वाचून अंगावर काटा आला, ब्राइसचा तंबू आत्ताच रद्द केला.

खडकसंगम

जमलं तर बाबांना हे आधी सांगून ठेवा. झायनचे कडे म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांचा दगड झालाय. नावाहो सँडस्टोन, साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचा. चेकरबोर्ड मेसाजवळ गाडी थांबवली की वाऱ्याने रचलेले तिरपे थर अजून दिसतात. आपला सह्याद्री त्याच्यापेक्षा पुष्कळ तरुण, साडेसहा कोटींचा, आणि लाव्ह्याचा. ब्राइसचे सुळके वेगळ्याच कारणाने झाले. दिवसा बर्फ वितळून पाणी फटीत शिरतं, रात्री गोठून फुगतं, आणि वर्षातल्या निम्म्याच्या आसपास रात्री हेच चालू असतं. तोच गारठा @फुलपात्र यांच्या तंबूत शिरला होता.

अवांतर: स्लॉट कॅन्यनला (दोन कड्यांमधली खोल, अरुंद चीर) मराठीत काय म्हणायचं हा वाद नेहमी होतो. मी घळ म्हणतो. भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांदण ज्यांनी पाहिली आहे त्यांना अँटिलोप कॅन्यनमध्ये शिरल्यावर ओळख पटते. फरक दगडाचा. बेसॉल्ट काळा आणि कोनाकोनांत तुटतो, वाळूचा दगड लाल आणि पाण्याने लोण्यासारखा कोरला जातो. निघोजचे रांजणखळगेही पाण्याच्याच भोवऱ्याचे.

अबोली_ट

सांदण तर दरी आहे, घळ नव्हे. शिवथरची ती घळ.

खडकसंगम

स्थानिक लोक दोन्ही शब्द वापरतात असा माझा अनुभव. पण हसत हसत मान्य.

अबोली_ट

:) ग्रँड कॅन्यन बेतात नाही का? आईबाबांना तिथली शिखरांची नावं ऐकवायला मजा येईल. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, कृष्णा श्राइन. क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने १८८० च्या दशकात ही पद्धत सुरू केली.

खडकसंगम

आणि तळातला फार जुना खडक विष्णू शिस्ट, पावणेदोनशे कोटी वर्षांच्या घरातला. पण नॉर्थ रिम, म्हणजे ग्रँड कॅन्यनचा उत्तर कडा, आत्ता विसरा. याच महिन्यातल्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं. साउथ रिम या वाटेवरून लांब पडेल.

वाळवंटी (फिनिक्स)

तीन गोष्टी, तिन्ही अनुभवाच्या.

घड्याळ. नेवाडाहून युटात शिरलात की एक तास पुढे. युटाहून ॲरिझोनातल्या पेजला आलात की उन्हाळ्यात एक तास मागे, कारण ॲरिझोना घड्याळ बदलत नाही. पण नावाहो नेशन (नावाहो या तिथल्या मूळ रहिवाशांचं स्वशासित क्षेत्र) बदलतं, मग मॉन्युमेंट व्हॅली बरीचशी ॲरिझोनात असूनही युटाच्या वेळेवर. पेज गाव त्यांच्या हद्दीला अगदी खेटून, त्यामुळे फोन कधी हा मनोरा पकडतो तर कधी तो. आम्ही याच गोंधळात टूर चुकवली, आणि पैसे परत मिळाले नाहीत. टूर घेताना वेळ कुठली हे विचारा आणि बाबांचं मनगटी घड्याळ त्या वेळेला लावा.

पाऊस. इथेही मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. १२ ऑगस्ट १९९७ ला पेजजवळच्या लोअर अँटिलोप घळीत ११ पर्यटक लोंढ्यात वाहून गेले. घळीच्या तोंडाशी धो धो पाऊस नव्हता, ढगफुटी कित्येक मैल वर झाली होती. तेव्हा वाटाड्या नको म्हणाला तर हुज्जत घालू नका. लोअरमध्ये लोखंडी उभ्या शिड्या आहेत, आईंच्या गुडघ्याला त्या झेपणार नाहीत.

पेट्रोल. कॅपिटल रीफहून ब्लफकडे जाताना हँक्सव्हिल ते ब्लँडिंग रस्ता फार सुंदर आणि फार ओसाड, शंभरावर मैल गाव नाही. हँक्सव्हिलला टाकी भरूनच निघा. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन.

नाचणी

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही! पोहे, रवा, मेतकूट, छोटा विजेचा कुकर. पण पुष्कळ तंबूंत वीज नसते हे लक्षात ठेवा, कुकर मोटेलच्या रात्रींसाठीच. आणि अस्वलं, उंदीर यांच्यामुळे पुष्कळ तळांवर तंबूत खाणं ठेवू देत नाहीत. नावाहो भागात फ्राय ब्रेड मिळते, तळलेली फुगलेली, भटूऱ्याची मावशी. वर बीन्स घालून घ्या.

पण मुख्य प्रश्न: २२ सप्टेंबरला घटस्थापना आहे. आईंना विचारलंत का?

सुरंगी

अरे देवा. नाही विचारलं. आत्ता साताऱ्यात सकाळ आहे, फोन करते.

सुरंगी (२९ जुलै)

आई म्हणाली, घट काकूच्या घरी बसतील, मी उठता-बसता उपास करीन, तुम्ही माझ्यासाठी बेत मोडू नका. मग बाबांनी फोन घेतला आणि विचारलं की वाटेत धरण आहे का. पेजला ग्लेन कॅन्यन आहे म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला.

रानजाई

तुमच्या नवऱ्याला माझा एक पर्याय सांगा. मॉन्युमेंट व्हॅलीच्या परिसरात नावाहो कुटुंबं पाहुण्यांना होगनमध्ये ठेवतात. होगन म्हणजे त्यांचं पारंपरिक गोल घर, ओंडके आणि वर मातीचा लेप, दार कायम पूर्वेला. आम्ही राहिलो त्यात जमीन मातीची होती, मध्यभागी शेगडी आणि धुरांड्याची नळी छतातून वर. पहाटे दारातून ऊन थेट समोरच्या भिंतीवर आलं. घरातल्या आजींनी भल्या सकाळी कॉफी आणून दिली. त्यांच्या पणजीच्या वेळची, १८६४ ची पायपीट, सैन्याने हजारो लोकांना शेकडो मैल चालवत नेलं, आणि १८६८ च्या तहानंतर ते परत आपल्या भूमीत आले, हे त्यांनी आम्हाला अंगणात बसून सांगितलं.

हे ग्लॅम्पिंग नव्हे. शौचालय बाहेर आहे, नळ नाही. पण तंबूवाल्या कंपनीला द्यायचे पैसे त्या घराला मिळतात.

तिरकीट

याला मात्र पूर्ण अनुमोदन.

डोंगरवेडा

आईंना रात्री दोनदा बाहेर जावं लागेल, शौचालय लांब. रानजाई, कल्पना उत्तम आहे, पण या चौघांसाठी नाही. दिवसा नावाहो वाटाड्याबरोबर जा, १७ मैलांचा कच्चा रस्ता त्याच्या गाडीतून करा, आणि झोपायला ब्लफ.

भूमिका_ऑस्टिन

ब्लफसाठी माझंही मत. १८७९ च्या हिवाळ्यात अडीचशेच्या आसपास माणसं गाड्याबैलांसह तिथे वस्ती करायला निघाली. सहा आठवड्यांचा प्रवास धरला होता, लागले सहा महिने. कोलोरॅडो नदीच्या कड्यात एक फट होती, ती सुरुंग लावून रुंद केली आणि दोर बांधून गाड्या उभ्या उतारावरून खाली सोडल्या. एप्रिल १८८० ला ब्लफच्या जागी पोचले तेव्हा इतके दमले होते की पुढे जायचं असूनही तिथेच थांबले. जुन्या किल्ल्याच्या जागी त्यांची लाकडी घरं पुन्हा उभी केली आहेत.

आणि कनॅब! काऊबॉयचे सिनेमे तिथे पुष्कळ झाले हे सगळे सांगतात. पण १९१२ ते १९१४ तिथली नगराध्यक्ष आणि सगळं नगरमंडळ बायकांचं होतं, हे आईंना जरूर सांगा. अमेरिकेत देशभर बायकांना मताचा हक्क मिळाला १९२० ला, हे त्याच्या आधीचं. (युटात तो आधीच होता.)

मंदाकिनी_काकू

सुरंगी, परत आल्यावर लिही हं. पुष्कळ जण सल्ला घेतात आणि गायब होतात.

सुरंगी (७ ऑक्टोबर)

काकू, आले लिहायला. दसरा उरकल्यावर बसले आहे.

शेवटी ठरलं ते असं: कनॅबला दोन रात्री, पँग्विचला एक, कॅपिटल रीफशेजारच्या टोरीजवळ तंबूत दोन, ब्लफला दोन, पेजला एक. 

झायनचा १९३० सालचा बोगदा बाबांना कड्यांपेक्षा आवडला. एक मैलाहून लांब, आणि मध्येमध्ये डोंगराच्या पोटाला खिडक्या पाडल्यात. एका खिडकीतून क्षणभर सगळी दरी दिसली आणि पुन्हा अंधार. "राडारोडा यातूनच बाहेर टाकला असणार," हे त्यांनी लगेच ओळखलं. पुढे फलकावर तेच लिहिलेलं होतं.

पँग्विचला घटस्थापनेचा दिवस. संध्याकाळी आई एका दुकानात शिरली, तिथे गोधड्या टांगल्या होत्या. तिने एकीची कड उलटून मागचे टाके बघितले, आणि गल्ल्यावरच्या बाईंनी ते पाहिलं. मग दोघी अर्धा तास बोलत होत्या, आई मराठीत, त्या इंग्रजीत. मध्ये मी तीन-चार शब्द सांगितले असतील. आईने पदराच्या टोकावर धावदोरा करून दाखवला. बाईंनी तिला निळ्या फुलांच्या कापडाचा एक तुकडा दिला, पैसे घेतले नाहीत.

आता तंबू. टोरी साधारण ६८०० फुटांवर आहे. @फुलपात्र, तुमचं ऐकून तीन टोपल्या लाकडं आधीच मागितल्या. न्हाणीघर आतच होतं. फक्त शॉवरची साखळी ओढून धरली तरच पाणी येतं, सोडली की बंद. त्यामुळे आईने बादली मागितली, आणि त्यांनी दिली! तंबूत निरांजन लावायला अर्थातच मनाई. आईने शेगडीपुढच्या दगडावर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, अग्नी आहेच की.

पहिल्या रात्री तीनच्या सुमारास लोखंडी दाराचा आवाज आला. बाबा माकडटोपी घालून ओंडके सारत होते. आई जागी झाली होती, तिला गार वाटायला नको म्हणून. मग ते बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत, म्हणून मी गेले. लाकडी पायरीवर मान वर करून बसले होते. अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते. इतक्या चांदण्या की ओळखीची नक्षत्रं शोधावी लागत होती. त्यांनी बोट दाखवत सांगितलं: कृत्तिका, रोहिणी, मृग, खाली व्याध. म्हणाले, "माणच्या कॅम्पवर असं दिसायचं. ७८ साली. कालव्याची आखणी करताना आम्ही तंबूतच राहायचो." मी चाळीस वर्षांची आहे आणि बाबा नोकरीत तंबूत राहिले होते हे मला माहीत नव्हतं. रात्री वाऱ्यावर उडू नयेत म्हणून नकाशे अंगाखाली घेऊन झोपायचे म्हणे. आम्ही दोघं उजाडेपर्यंत तिथेच बसलो, रजई आणून. एवढ्यासाठी त्या दोन रात्रींचे पैसे मी पुन्हा देईन, @तिरकीट.

दुसऱ्या दिवशी कॅपिटल रीफमधलं फ्रुटा. १८८० च्या सुमारास मॉर्मन कुटुंबांनी त्या लाल कड्यांच्या मधोमध फळबागा लावल्या, गाव गेलं पण बागा राष्ट्रीय उद्यानाने राखल्यात. झाडांना अजून पाटानेच पाणी. बाबा पाटाच्या कडेने चालत सुटले, कुठे बांध फोडलाय, कुठे दार टाकलंय, उतार किती धरलाय. सफरचंदं तोडायला परवानगी होती. बागेत बसून खाल ती फुकट, न्यायची ती तोलून पैसे ठेवायचे. जुन्या गिफर्ड घरात छोटे 'पाय' (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) मिळतात. आईचा उपास नव्हता त्या दिवशी.

ग्लेन कॅन्यन धरण ७१० फूट उंच, कोयनेच्या दुपटीहून जास्त. पण बाबा भिंतीकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघत होते. लाल कड्यांवर पाण्याच्या वर केवढा तरी पांढरा पट्टा आहे, पूर्वी पाणी होतं तिथवर क्षार चिकटलेत. बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले, मग म्हणाले, "पाण्याचा हिशेब भरल्या सालावर धरला की असं होतं." गाडीत बसल्यावरही त्यावरच बोलत होते.

@वाळवंटी, मनगटी घड्याळाची युक्ती लागू पडली. माझा फोन पेजला दोनदा बदलला. बाबांचं बरोबर होतं.

मंदाकिनी_काकू

वाचताना डोळे भरून आले ग. त्या निळ्या कापडाचं काय केलं?

सुरंगी

आई नवी वाकळ शिवतेय, मधल्या चौकोनात तेच आहे.

फुलपात्र

साबांना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाल्या, मला पण टोरी. पुन्हा तंबूला तयार आहेत!

प्राजक्ता_नाशिक (१९ जानेवारी २०२६)

धागा वर काढतेय. माझेही आईबाबा एप्रिलमध्ये येताहेत, हीच वाट धरायची आहे. पासचं काय करायचं?

वाळवंटी

१ जानेवारीपासून नियम बदललेत. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथल्या रहिवाशांना ८० डॉलर, परदेशी पाहुण्यांना २५०. आणि पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन धरून ११ उद्यानांत माणशी १०० डॉलर जास्तीचे. तुमच्या गाडीत कोण कोण आहे त्याप्रमाणे उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप नावाहोंचे आहेत, तिथे हा पास चालत नाही, वेगळं तिकीट.

फुलपात्र

एप्रिलमध्ये ब्राइसला बर्फ असतो. राहायला पँग्विच, आणि तिथेही दोन जाड पांघरुणं मागून घ्या.

सुरंगी

प्राजक्ता, एप्रिलमध्ये फळं नसतील, पण बागा फुलावर असतील. जर्दाळू आधी फुलतो. आणि बाबांना विचार, नोकरीत कुठे कुठे राहिले होते.